राखेतली नागली

इंटरची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात माझी एक मैत्रीण बोटीनं विलायतेला गेली आणि मी एस. टी.नं जव्हारला गेले. घरी रडारड माझ्यासाठी जास्त झाली. विलायत निदान नकाशात ठळक होती. जव्हार कुठे आहे हे आमच्या आळीत कुणालाच धड सांगता येईना. संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तरी काका निरोप देताना "परक्या राज्यात चालली आहेस, जपून राहा" असंच म्हणाले. नाशिकहून निघालेली गाडी त्र्यंबक, मोखाडा करत चालली होती. मोखाडा सोडल्यावर संस्थानाचा जुना नाका लागला. आडवा बांबू कायमचा वर गेलेला, आणि पहारेकऱ्याच्या चौकीत कुणीतरी शेळ्या बांधलेल्या. गाडी न थांबता पुढे गेली आणि मला वाटलं, आले बाई परदेशात.

सेवाबिवा मला काही करायची नव्हती. मला घरातून सुटायचं होतं, आणि आमच्या घरातून मुलीला सुटायचं तर लग्न नाहीतर समाजकार्य असे दोनच रस्ते होते. पुण्यातल्या एका संस्थेनं जव्हारला आईबापांनी टाकलेल्या मुलांसाठी केंद्र काढलं होतं आणि सुट्टीपुरत्या शिकलेल्या मुली त्यांना हव्या होत्या. मी नाव दिलं. वडिलांनी चार जणांत अभिमानानं सांगितलं, म्हणून मग परत फिरताही येईना.

केंद्र होतं एका जुन्या पागेत. घोडे जाऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे, पण फरशीच्या फटींतून त्यांचा वास अजून येत होता. त्यावर फिनेल, त्यावर गंधकाचं मलम, त्यावर मुलांच्या डोक्यांना चोपडलेलं रॉकेल. पहिल्याच संध्याकाळी एका पोराच्या पायाची खपली धुवायला मी वाकले आणि खपलीखाली काहीतरी वळवळलं. मी मागच्या भिंतीशी जाऊन भडाभडा ओकले. ओकून परत आले तर ते पोर तिथेच पाय पुढे करून बसलेलं होतं. मग धुतला. पुढे सवय झाली, पण खोटं कशाला बोलू, किळस गेली नाही. फक्त ती त्या पोरांवरून उठून हळूहळू दुसऱ्याच जागी जाऊन बसली.

तिथल्या मुख्य बाई पन्नाशीच्या होत्या. पांढरंशुभ्र पातळ, मोगऱ्याच्या तेलाचा वास, आणि आवाज असा गोड की ऐकून दात आंबावेत. त्यांनी पुण्याहून स्वतःची स्वयंपाकीण आणली होती, कारण इथल्या माणसांच्या हातचं त्यांना चालत नसे. त्यांच्या पेल्यात रात्री वेलदोडा घातलेलं दूध असायचं. मुलांना मिळायचं परदेशातून पोत्यांनी आलेल्या पावडरीचं दूध. ते पिऊन निम्म्या मुलांची पोटं बिघडायची आणि सकाळी पागेच्या मागे जे काही दिसायचं ते आम्ही मुली नाकाला पदर लावून राखेनं झाकत असू. "सवय नाही हो त्यांना चांगल्या अन्नाची," बाई म्हणायच्या आणि पुन्हा तेच पाजायच्या.

आलेल्या प्रत्येक मुलाचं आधी डोकं भादरायचं, मग नाव बदलायचं. तिकडे जन्माच्या वारावरून नाव ठेवायची पद्धत. बाईंना ते रानटी वाटे. आठवड्याच्या वारांची ती साधी नावं काढून त्यांनी मुलांना पुराणातली अशी नावं दिली होती की एकालाही स्वतःला मारलेली हाक कळत नसे. जेवणाच्या पंगतीत बाई हाका मारत आणि पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत. मग बाई आमच्याकडे वळून सुस्कारा टाकत, "बुद्धीच नाही."

रविवारी पाहुणे यायचे. कधी ठाण्याचे, कधी मुंबईचे. मोटारीतून उतरताना बायका रुमाल नाकाला लावूनच उतरायच्या. एकीनं भर वैशाखात लोकरीचे स्वेटर आणले. बाईंनी ते मुलांना घालायला लावले, फोटो होईपर्यंत. खरूज झालेल्या अंगावर लोकर! पोरं खाजवून खाजवून रडायला लागली आणि त्या पाहुणीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, मायेनं रडतायत. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी पागेमागे जाऊन दगडावर दगड आपटत बसले. आजही कुणी माझ्यापुढे "सेवा" हा शब्द काढला की मला त्या घामानं ओल्या झालेल्या स्वेटरांचा वास येतो.

मी जाऊन आठवडाभर झाला असेल, तेव्हा ती मुलगी आली. संस्थेचे एक भाऊ होते, खादीचा शर्ट, पायांत वहाणा, आणि हाताशी कुणीतरी दिलेली जीप. पाड्यापाड्यांवर फिरून टाकलेली मुलं शोधून आणायची हे त्यांचं काम. वांगणीच्या बाजूच्या एका पाड्यावर एका झोपडीत ही सहा-सात वर्षांची पोर त्यांना एकटी सापडली. अंगात ताप, पायांवर फोड. भाऊंनी विचारलं, आई कुठे? ती म्हणाली, खाला गेली. म्हणजे घाट उतरून खाली, वसईकडे मिठागरावर नाहीतर गवत कापायला. पावसाआधीचे कोरडे महिने पाड्यावर खायला काही नसतं, तेव्हा सगळे असेच उतरायचे. हे भाऊंना ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण तापात पोर सोडून जातात ते कसले आईबाप, असं म्हणून त्यांनी तिला उचलून जीपमध्ये घातलं. झोपडीत एक म्हातारी आत्याही राहत होती. ती रानात कंद खणायला गेली होती. तिच्यासाठी थांबायला भाऊंना वेळ नव्हता.

पोर जीपमधून उतरली तेव्हा तिनं छातीशी एक वाळका भोपळा धरला होता. आपण ज्याचा तंबोरा करतो तसला, पण लहान, धुरानं काळा झालेला. तोंड शेणानं लिंपून बंद केलेलं. बाईंनी ते बघितलं आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"शी! शेण आहे त्याला. काढा आधी ते."

पोर सोडेना. भाऊ ओढायला लागले तशी ती त्यांच्या मनगटाला चावली. भाऊंनी तिच्या थोबाडीत मारली. अहिंसेवर रोज संध्याकाळी अर्धा तास बोलणारा माणूस, पण हात काय सफाईनं चालला! भोपळा फरशीवर पडून तडकला आणि आतून राख सांडली. राखेत बारीक तांबूस दाणे.

"नागली," मी म्हटलं. तोवर मला ओळखू यायला लागली होती. आपली नाचणी.

"राख कालवून खातात," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू त्यांनाच कुणी ती खायला घातली. "बघा मुलींनो, बघून घ्या. कसल्या नरकातून आपण यांना काढतोय."

पोर ओरडत होती, "नको, बी हाय त्यात! बी हाय!" तिचं बोलणं सगळ्यांना समजलं. बी म्हणजे बी. पण आम्ही सगळ्या वाण्याच्या दुकानातून धान्य आणणाऱ्या घरांतल्या. आमच्या लेखी बी काय आणि नागली काय, दोन्ही पोत्यातनंच निघायची. स्वयंपाकिणीनं ते सगळं गोळा केलं, मागच्या मोरीवर चार पाणी बदलून राख धुऊन काढली, उन्हात वाळवलं आणि दळलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या केंद्राला आंबील मिळाली. ताक घालून, वर मीठ. चांगली झाली होती, मीही प्यायले. त्या पोरीनं वाटी उपडी केली. तिला शिक्षा म्हणून दुपारचं जेवण दिलं नाही.

तडकलेल्या भोपळ्याचा अर्धा भाग स्वयंपाकिणीनं न्हाणीत ठेवून दिला. मुलांच्या अंगावर पाणी ओतायला बरा पडतो म्हणाली.

पोरीचा ताप आठ-दहा दिवसांत उतरला. तिचं डोकं मीच भादरलं होतं, त्यामुळे ती मला फारशी जवळ करीत नसे, पण रोज मलम लावता लावता थोडं बोलायला लागली. तिचं बोलणं एकच असे. आयस-बास, म्हणजे आईबाप, राब भाजायला येतील. शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून पेटवायच्या आणि त्या भाजलेल्या मातीत पावसाच्या तोंडावर रोपं टाकायची, त्याला तिकडे राब म्हणतात. पागेच्या मागची भिंत अगदी डोंगराच्या कडेवर होती. तिथून खालची सगळी दरी दिसायची. दुपारी ती पोर टक्कल उघडं टाकून त्या भिंतीवर चढून बसायची आणि खालून वर येणारे धूर बघायची. एक धूर वाढला की म्हणायची, "तो आमचा नाय."

मी बाईंना सांगितलं. म्हटलं, हिचे आईबाप येणार आहेत, ती सांगते आहे. बाई हसल्या. "अगं, सगळीच असं सांगतात. पहिल्यांदा मलाही खरं वाटायचं."

"पण समजा आले तर?"

"आले तर आपण इथे नसणारच आहोत," बाई म्हणाल्या. घाटात दरडी पडायच्या आत, मृगाच्या आधी, निवडक मुलांना त्या पुण्याला घेऊन जाणार होत्या. तिथल्या मोठ्या अनाथाश्रमात. तिथून कुणाला चांगलं घर मिळे, कुणाला घरकामाची जागा. एकदा तिथे गेलेलं मूल परत या डोंगरात आलं असं मी कुणाकडूनच ऐकलं नाही. निवडलेल्या मुलांत ही पोर होती, कारण तिचं नाक सरळ होतं. हे बाईंनीच मला कौतुकानं सांगितलं. बाजारातून वांगी निवडून आणावीत तशी ती मुलं निवडली होती.

त्यानंतर मला जेवण जाईना. मी स्वतः भाऊंकडे गेले, म्हटलं, त्या पाड्यावर निरोप तरी धाडा. भाऊ सूत कातत होते. म्हणाले, "ताई, भावनेच्या आहारी जाऊ नका." दुसऱ्या दिवशी मी बाजारात वांगणीकडची माणसं शोधली. लाकडाच्या मोळ्या विकायला आलेल्या दोन बायका भेटल्या. मी संस्थेतली हे त्यांनी माझ्या पातळावरूनच ओळखलं आणि मी बोलायला लागल्यावर त्या मोळ्या उचलून चालायला लागल्या. त्यांच्या मागे जवळजवळ धावत मी सांगितलं, पोर पागेत आहे, तिच्या आईला सांगा, लवकर या म्हणावं. त्यांनी ऐकलं की नाही तेही कळलं नाही.

पोरीला मात्र एक नवीनच खोड लागली होती. वेळ मिळाला की ती मागच्या मोरीशी उकिडवी बसे आणि तिथल्या चिखलात बोटं घाली. काहीतरी वेचून मुठीत धरी. स्वयंपाकिणीनं बोंब केली, मोरीतली घाण खाते म्हणून. बाईंनी तिचे हात फिनेलनं धुवायला लावले. मला ते बघवेना, तशी मी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि म्हटलं, "अगं, रोगानं मरशील." ती माझ्याकडे बघत राहिली. तिनं मूठ उघडली नाही आणि मीही ती उघडायला लावली नाही. तेवढी एक गोष्ट माझ्या हातून बरी झाली.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मुलांना नवे फ्रॉक, नव्या चड्ड्या शिवून आल्या होत्या. पोरीनं जुना फ्रॉक उतरवायला साफ नकार दिला. मारूनमुटकून नवा त्यावरून चढवला. ऊन कलायला लागलं होतं, आणि पायऱ्यांवर एक बाई आणि एक पुरुष येऊन उभे राहिले. दोघं मिठानं रापलेली. पुरुषाच्या तळपायांना भेगा इतक्या खोल की त्यांत काडी राहिली असती. बाईच्या कमरेला आखूड लुगडं, डोक्यावर बोचकं. पोर आतून धावत आली आणि उंबऱ्यावरच थबकली. आईनं तिला ओळखलंच नाही. टक्कल, वर फुलाफुलांचा फ्रॉक. मग पोर "आये" म्हणाली.

बाईंनी तिला खांद्याला धरून मागे घेतलं.

"हिचेच आईबाप कशावरून?" त्या म्हणाल्या. "उद्या कुणीही उठेल आणि माझं मूल म्हणेल. आणि असाल तर टाकलीत कशी?"

"टाकली नाय, बाय," आई म्हणाली. "तापात होती. मिठागरात नेली असती त मेली असती. आत्याकडं ठिवली."

बाप इतका वेळ खाली बघत होता. तो भाऊंकडे वळला.

"सायब, तिच्यासंगं आमचा बी व्हता. भोपल्यात. परत येवचा नसल त मानूस बी ठिवून जाईल का?"

बाई म्हणाल्या, "कसलं बी? असलं काही इथे आलेलं नाही."

मी बाईंच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं त्या विसरल्या असतील. नव्हत्या विसरल्या. त्यांच्या मानेवर लाल चट्टा उठला होता आणि त्या माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. एक पोर पुण्याला न्यायची म्हणून ही पांढरीशुभ्र बाई दोन उपाशी माणसांच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होती. मला त्या क्षणी जी शिसारी आली तिच्यापुढे पहिल्या दिवशीची ती खपली काहीच नव्हती.

मी न्हाणीत गेले आणि अर्धा भोपळा आणून त्या आईच्या हातात दिला. तो ओला होता, कडेला साबणाचा फेस होता. तिनं तो उलटा केला. मानेपाशी तापलेल्या विळ्यानं डागलेली एक रेघ होती, त्यांच्या घरची खूण. इतके दिवस त्यानं मुलांना अंघोळी घातल्या, पण ती रेघ आमच्यापैकी एकीनंही बघितली नव्हती. बापानं तिच्यावरून अंगठा फिरवला आणि भाऊंना दाखवली. भाऊ घसा खाकरून म्हणाले, "बाई, द्या त्यांना."

बाईंनी हात काढला. वर एक व्याख्यान दिलं, स्वच्छतेवर आणि मातेच्या कर्तव्यावर. त्या दोघांनी ते मान खाली घालून ऐकलं. मग बाईंना उदार व्हायची हुक्की आली. त्यांनी कोठीतून तांदूळ मागवले, रेशनचे, पॉलिश केलेले, आणि सुपात घालून ते सूप पायरीवर ठेवायला लावलं.

आई खाली बसली. तिनं चार दाणे बोटांत घेऊन चोळले.

"ह्यो उगवल का, बाय?"

तिनं दाणे परत सुपात टाकले.

"आमचा बी कठं हाय?"

भाऊ म्हणाले, "मुलांच्या पोटात गेलं. तुमचीच मुलं ना सगळी?"

ती उठून उभी राहिली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. तसं काही झालं नाही. ती आमच्याकडे बघत राहिली. आधी बाईंकडे, मग स्वयंपाकिणीकडे, मग भाऊंकडे, मग माझ्याकडे. आम्ही त्या पोरांच्या उवांकडे जसं बघत असू, रुमाल नाकाला लावून मोटारीतून उतरणाऱ्या बायका आमच्या पोरांकडे जसं बघत असत, अगदी तसंच. पाड्यावर उपास पडतात, माणसं रानातले कडू कंद उकडून खातात, पण कीड लागू नये म्हणून राखेत घालून चुलीवर टांगलेलं पेरणीचं बी कुणी खात नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. ती एक पाऊल मागे सरली.

तेवढ्यात पोरीनं नवा फ्रॉक वर केला. खालच्या जुन्या फ्रॉकच्या टोकाला घट्ट गाठ मारलेली होती. ती तिनं दातांनी सोडवली. आत मूठभर नागली होती, मोरीच्या चिखलानं काळी पडलेली, एकेक दाणा वेचलेली.

आईनं पदर पसरला. पोरीनं त्यात सगळे दाणे झाडले, शिवणीत अडकलेले नखानं काढून टाकले. आईनं पदराची गाठ मारून कमरेला खोचली. मग पोरीची हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं.

"तू खाल्लास त्यातला?"

"नाय."

तेव्हा कुठे तिनं त्या टकलावरून हात फिरवला. नवा फ्रॉक अंगावरून काढून उंबऱ्यावर ठेवला आणि पोरीला कडेवर घेतलं. बापानं अर्धा भोपळा उचलला. तिघं पायऱ्या उतरून गेली. तांदळाचं सूप तिथेच राहिलं.